बाग कोणाची? साताऱ्याचा राजवाडा, धनिणीची बाग आणि सांगलीची आमराई

१/
सातारा म्हटले की आपल्याला अजिंक्यतारा आठवतो. सांगली म्हटले की गणपती मंदिर आणि कृष्णेचा घाट. इतिहासप्रेमींच्या भटकंतीच्या याद्या चाळून पाहा. किल्ले, मंदिरे, समाध्या, वाडे, बारवा. त्यांत बाग नसते, मैदान तर नसतेच. ही यादी नुसती अपुरी नाही, ती इतिहासाची चुकीची समजूत पसरवणारी आहे, असा या धाग्याचा दावा आहे. धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

२/
साताऱ्याच्या जुन्या पेठांच्या मधोमध राजवाडा आहे. त्याच्यासमोर गांधी मैदान, लगत गोलबाग, जवळच मोती चौक आणि राजवाडा बसस्थानक. रोज हजारो माणसे येथून जातात. गोलबाग हे वाहनांनी वळसा घालण्याचे बेट आणि मैदान म्हणजे सभेची नाहीतर खाण्यापिण्याची जागा, एवढीच आपली ओळख. पण गेल्या दोनशे वर्षांत या मोकळ्या जागेचे धनी तीनदा बदलले: आधी राजा, मग कंपनी सरकार, मग लोक. हा बदल एकाही बुरुजावर कोरलेला नाही. तो याच मातीत वाचावा लागतो.

३/
आरंभ थोडा मागून करू. १२ जानेवारी १७०८ रोजी थोरल्या शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. पुढे राजधानीचा कारभार गडावरून पायथ्याशी उतरला आणि शाहूनगर वसले. वारांच्या नावांच्या पेठा, हौद, तळी, यवतेश्वराच्या डोंगरातून आणलेले पाणी. गडावरचे राज्य पेठेत आले, ही घटना दिसते तेवढी साधी नाही. गडावर राजा आणि रयत यांच्यामध्ये तट असतो. पेठेत मध्ये असते ते अंगण.

४/
१८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. सप्टेंबर १८१९ मध्ये तह झाला. १८२२ मध्ये कारभाराचे अधिकार त्यांच्या हाती आले. या राजाकडे फौज नव्हती, स्वतंत्र परराष्ट्रनीती नव्हती. होते ते एक शहर. त्यांनी रस्ते आखले, पाण्याची व्यवस्था वाढवली, शिक्षणाला आश्रय दिला आणि वस्तीच्या मधोमध राजवाडा उभारला. ज्याची तलवार काढून घेतली आहे, अशा राजाने नगररचनेतून केलेले ते राज्य होते.

५/
वाड्याचे फोटो आपण काढतो ते लाकडी खांबांचे, सज्जांचे, नक्षीचे. पण वाडा राजवाडा ठरतो तो समोरच्या मोकळ्या जागेमुळे. मिरवणूक तेथे थांबते, फिर्यादी तेथे ताटकळतो, प्रजा तेथून वर पाहते. सत्ता दिसावी लागते, आणि ती दिसण्यासाठी अंतर लागते. म्हणून राजवाड्यासमोरची जागा ‘रिकामी राहिली’ असे म्हणणे चूक आहे. ती रिकामी ठेवलेली होती.

६/
आता १८३९. प्रतापसिंहांवर कटाचे आरोप ठेवण्यात आले: गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संबंध, कंपनीच्या देशी पलटणीत फितुरी. मुंबईचे गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. तहभंग केल्याची कबुली लिहून द्या, गादी राहील, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. महाराजांनी सही करण्यास नकार दिला. सप्टेंबर १८३९ मध्ये रात्रीच्या वेळी फौजेने वाडा ताब्यात घेतला आणि राजाला शहराबाहेर लिंब गावी नेले. तेथून पुढे काशी. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी ते तेथेच वारले.

७/
हा प्रसंग डोळ्यांसमोर आणताना राजवाड्याच्या भिंती आठवू नका. समोरचे अंगण आठवा. दिवसाउजेडी, प्रजेच्या देखत, या मोकळ्या जागेतून राजाला नेणे कंपनीला परवडले नसते. म्हणून रात्र निवडली गेली, असे मी समजतो. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण सत्तेला मोकळ्या जागेची भीती का वाटते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने या रात्रीपासून सुरुवात करावी.

८/
यानंतर रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये चौदा वर्षे राजाची बाजू मांडली. उपयोग झाला नाही. गादीवर बसवलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निधन पावले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. पुढे राजवाड्यात न्यायालय आले, शाळा आली, दफ्तरे आली. अंगणाचा धनी बदलला. जेथे राजाचे दर्शन घडे, तेथे आता लोक तारखेसाठी ताटकळू लागले.

९/
कंपनीने साताऱ्यात मोकळ्या जागेचा आणखी एक उपयोग दाखवून दिला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड देण्यात आला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचे पुत्र सीताराम त्यांत होते. राजाला रात्री नेणारे हेच सरकार शिक्षा मात्र उघड्या माळावर करते. जागा तीच, मोकळी, उद्देश बदलतो. ज्यांना मैदान म्हणजे ‘नुसती जागा’ वाटते, त्यांनी चार भिंतींच्या हुतात्मा स्मारकापाशी उभे राहून हा फरक समजून घ्यावा.

१०/
येथे एका लाडक्या समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. “सार्वजनिक बागा ही इंग्रजांची देणगी आहे.” इंग्लंडमध्ये तरी ती देणगी होती का? कारखानदारी शहरांतील कामगारांना श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून १८३३ साली तेथील संसदेला समिती नेमावी लागली. नगरपालिकेच्या पैशाने उभारलेले पहिले मोठे उद्यान म्हणून गाजलेले बर्कनहेड पार्क ५ एप्रिल १८४७ रोजी उघडले. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेस, साताऱ्याचा शेवटचा राजा वारला. तिकडे रयतेला बाग मिळत होती, इकडे रयतेचे राज्य जात होते.

११/
दुसरी समजूत याच्या उलट आणि तितकीच पोकळ: “आमच्याकडे आधीपासूनच बागा होत्या.” होत्या. पुण्यात हिराबाग होती, सारसबाग होती. पण त्या पेशव्यांच्या होत्या. सामान्य माणसाला हक्क म्हणून तेथे जाता येत नव्हते. बाग असणे वेगळे आणि ती सार्वजनिक असणे वेगळे. पहिल्याचे श्रेय राजांना आणि साहेबांना खुशाल द्या. दुसऱ्याचे श्रेय त्यांचे नाही. ते कोणाचे, हेच आता पाहायचे आहे.

१२/
७ नोव्हेंबर १९००. राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यातील आपल्या शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे: वर्गात कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसणे, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही. राज्य गेले, वाडा सरकारी झाला, शाळा सर्वांची झाली. पण ‘सर्व’ या शब्दात हा मुलगा धरलेला नव्हता.

१३/
‘सार्वजनिक’ या शब्दाची लढाई ही आपल्या इतिहासाची मुख्य लढाई आहे. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या नावातच हा शब्द घातला. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्याची अंमलबजावणी लोकांनीच केली.

१४/
महाडचे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या केवळ तेवीस दिवस आधी साताऱ्यात काय घडले, हे किती जणांना ठाऊक आहे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील असे वसतिगृह त्यांनी चालवले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले.

१५/
या बोर्डिंगच्या नावाशी कायमची जोडली गेलेली जागा म्हणजे धनिणीची बाग. धनीण म्हणजे मालकीण. नावातच मालकी आहे, आणि त्या मालकीणबाईच्या बागेत खेड्यापाड्यांतली, घरात पुस्तक नसलेली, निरनिराळ्या जातींची पोरे राहू लागली. ती स्वतः कष्ट करीत, एका पंगतीत बसत. राजवाड्याच्या शाळेत ज्याला गोणपाट घेऊन कोपऱ्यात बसावे लागले होते, त्याच गावात पाव शतकाने हे घडले. सार्वजनिक बाग म्हणजे काय याचे याहून नेमके उदाहरण मला महाराष्ट्रात सापडत नाही.

१६/
आता सांगली. साताऱ्याच्या धाग्यात सांगली कशी, असे विचारणाऱ्यांसाठी: आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावानेच जन्मला, ‘सांगली’ हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. त्याआधी खुद्द सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील बहुतेक संस्थानांसह ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले, १९४८ मध्ये सांगली विलीन झाली. मध्ये बरोबर शंभर वर्षे. एका ठिकाणी राजाची जागा कंपनीने घेतली, दुसऱ्या ठिकाणी नागरिकांनी.

१७/
सांगलीची आमराई ही त्या दुसऱ्या प्रकारच्या बदलाची खूण आहे. संस्थानी काळातली ही झाडी आज भर शहरातले सार्वजनिक उद्यान आहे. पहाटे फिरणारे, दुपारी सावलीला टेकणारे, संध्याकाळी नातवंडे घेऊन येणारे. यांतला एकही जण संस्थानाची परवानगी घेऊन आत येत नाही. विलीनीकरणाचा करार अभिलेखागारात पाहता येतो. विलीनीकरण म्हणजे काय हे आमराईच्या दारात कळते. आंब्याखाली बसलेला माणूस आता कोणाचा प्रजाजन नाही.

१८/
मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, लोकांनी मिळवलेली ही जागा लोकांकडून पुन्हा निसटते आहे, आणि या वेळी फौज येत नाही. आधी दुचाकींची रांग येते. मग चारचाकी. मग वर्षभर न उतरणारा फलक. मग कायमचा चौथरा. मग ‘सुशोभीकरण’: लोखंडी कुंपण, फरशी, कारंजे, सेल्फीसाठी अक्षरे आणि दाराला वेळापत्रक. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शहराच्या मध्यभागी हा क्रम पाहायला मिळेल. १८३९ ला एक रात्र लागली. आता दहा वर्षे लागतात, एवढाच फरक.

१९/
पहिला आक्षेप: “गाड्या लावायच्या कोठे?” प्रश्न खरा आहे. पेठांतले रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत. पण याचे उत्तर शोधताना आपली नजर सर्वांत आधी बागेवर का जाते? कारण ती जागा ‘कोणाचीच नाही’ असे आपण धरून चालतो. ज्या जागेचा मालक सातबाऱ्यावर माणसाच्या नावाने दिसत नाही, ती आपल्या लेखी फुकट असते. सर्वांची जागा म्हणजे कोणाचीच नाही, ही समजूत हेच अतिक्रमणाचे पहिले पाऊल आहे. खुंटी-दोरी त्यानंतर येते.

२०/
दुसरा आक्षेप: “मग हातगाडीवाल्यांना हाकलायचे का?” मुळीच नाही. समुद्र नसलेल्या साताऱ्यात राजवाड्याजवळच्या खाद्यगाड्यांना लोकांनी ‘चौपाटी’ म्हटले, यातच लोकांनी ती जागा किती आपली मानली हे दिसते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे; नियोजन करून जागा देणे ही पालिकेची जबाबदारी आहे. भेळेची गाडी आणि काँक्रीटचा चौथरा एका तागडीत घालू नका. गाडी रात्री घरी जाते. चौथरा जात नाही.

२१/
तिसरा आक्षेप आपल्याच बिरादरीतून येतो आणि मला सर्वाधिक तोच टोचतो: “यात जुने काय आहे? दगड दाखवा.” प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा पाहा. त्यातील स्मारकाच्या व्याख्येत केवळ वास्तू येत नाही. तिचे स्थळ येते, तिच्या जतनासाठी आवश्यक अशी लगतची जमीन येते, तिच्याकडे जाण्याची वाटही येते. कायदा करणाऱ्यांना जे साठ-सत्तर वर्षांपूर्वी कळले, ते इतिहासाच्या अभ्यासकांना कळू नये? अंगण गेलेला राजवाडा म्हणजे मूळ संदर्भ फाडून टाकलेला बखरीचा कागद.

२२/
न्यायालयांनीही हे ओळखले आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात ते वाटप रद्द ठरवले. रुग्णालय वाईट होते म्हणून नव्हे. मोकळी जागा ही शहराच्या आरोग्याची गरज आहे आणि ती कोणाच्याही मर्जीने दुसऱ्याला देता येत नाही म्हणून. लढणारे कोण होते? त्याच वस्तीत राहणारी माणसे.

२३/
आता दोष आपल्याकडे. गडाच्या बुरुजाचा एक चिरा ढासळला की आपण मोहीम काढतो, आणि काढलीच पाहिजे. पण पेठेतली बाग वीतभर कमी झाली तर आपल्याला त्याची खबरही नसते. कारण आपण इतिहास म्हणजे राजांचा पराक्रम असे शिकलो. राजाची जागा लोकांची कशी झाली, हा पराक्रम आपल्याला कोणी शिकवला नाही. प्रतापसिंहांनी सहीला दिलेला नकार, भिवाचे गोणपाट आणि धनिणीच्या बागेतली पंगत ही एकाच इतिहासाची तीन पाने आहेत. आपण पहिल्या पानाचे स्टेटस ठेवतो आणि उरलेली उलटतही नाही.

२४/
काय करता येईल? आपल्या गावातील जुन्या बागेचा वा मैदानाचा नगर भूमापन नकाशा आणि मालमत्ता पत्रक मिळवा. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमधील शहरवर्णन वाचा आणि आजच्या जागेशी ताडून पाहा. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती मागवल्या जातात. त्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा. आणि त्या मैदानावर सभा ऐकलेली, कुस्ती पाहिलेली, पहिल्यांदा सायकल शिकलेली वृद्ध माणसे शोधून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. हे काम इतिहासलेखनच आहे.

२५/
पुढच्या वेळी अजिंक्यताऱ्यावरून खाली उतराल तेव्हा थेट घरी जाऊ नका. राजवाड्यासमोर दहा मिनिटे उभे राहा. गाड्यांच्या मधून जमीन दिसते का पाहा. या जमिनीवर उभे राहण्याचा अधिकार तुमच्या-माझ्या खापरपणजोबांना हक्क म्हणून नव्हता. तो मिळायला एक राज्य जावे लागले, दुसरे राज्य घालवावे लागले, आणि कित्येकांना गोणपाटावरून उठून पंगतीत यावे लागले. गड राखणाऱ्यांना आपण मुजरा करतो. अंगण राखणे आता आपल्याकडे आहे.

(धागा समाप्त. आपल्या गावातील अशा जागेची माहिती असेल तर खाली जरूर लिहा. शक्य तर जुन्या छायाचित्रासह.)